टेक्निकल घ्यायचं की भाषाच बरी? मार्कशीटवर हाताच्या कामाला जागा कशी मिळाली

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना गोष्ट माहीत आहेच. ज्यांना निवांत वाचायचंय किंवा आई-वडिलांना वाचायला द्यायचंय, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना मी जरा पुढेमागे गेलो होतो, ते इथे सरळ केलंय.

जून महिना, शाळा नुकतीच सुरू झालेली. नववीच्या वर्गात सर विचारतात, "मल्टी स्किल कोणाकोणाला घ्यायचंय?" मागच्या बाकांवरून चार-पाच हात वर जातात. पुढच्या बाकांवरची मंडळी एकमेकांकडे बघतात आणि भाषेचा विषय धरून बसतात. घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "ते कमी मार्कवाल्या पोरांचं असतंय, तू आपलं लेखीच घे."

बीडपासून कोल्हापूरपर्यंत बऱ्याच घरांत हा संवाद होतो. म्हणून आज या विषयाचाच इतिहास बघू. हाताने करायचं काम दहावीच्या मार्कशीटवर आलं कसं? त्यासाठी कोण झगडलं? आणि "ढ पोरांचा विषय" हा शिक्का त्याच्यावर बसला कुठून?

सुरुवात बीडच्या विहिरीपासून

बीडकरांना खजाना विहीर माहीत असते. सहलीला गेलो, फोटो काढला, झालं. पण जरा थांबून विचार करा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीत, इथला जहागीरदार सलाबतखान ही विहीर बांधवतो. बांधणाऱ्याचं नाव राजा भास्कर असं सांगितलं जातं. विहिरीतून निघालेला भुयारी नाला जमिनीचा उतार पकडत शेतीपर्यंत जातो. मोटार नाही, वीज नाही, तरी पाणी वाहतं.

हे काम करणाऱ्याला काय काय येत असेल? उतार मोजायला हवा. खडक कुठे फोडायचा आणि कुठे सोडायचा, हे कळायला हवं. दगडी बांधकाम हवं, हिशोब हवा आणि शेकडो माणसांकडून काम करून घेता यायला हवं. आजच्या भाषेत सांगायचं तर गणित, भूगोल, विज्ञान आणि हाताचं कसब, सगळं एकाच डोक्यात. म्हणजे ज्या जिल्ह्याला आपण फक्त दुष्काळी म्हणून ओळखतो, तिथे डिझाइन आणि तंत्रज्ञान चारशे वर्षांपूर्वीच होतं. फक्त त्याची परीक्षा नव्हती. पाणी आलं की पास.

हात आणि वही वेगळे कसे झाले?

आपल्या गावगाड्यात कसब होतं, पण ते जातीला बांधलेलं होतं. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार, कुंभाराचा कुंभार. शिकण्याची जागा म्हणजे बापाचा भाता किंवा चाक. वही-लेखणी दुसऱ्या घरात. ज्याच्या हातात हत्यार त्याच्या हातात पुस्तक नाही, आणि ज्याच्या हातात पुस्तक त्याला हत्याराची लाज. इंग्रजी शाळा आल्या, त्यांचा रोख कारकून घडवण्याकडे. म्हणून ही फट बुजली नाही, उलट पक्की झाली.

महात्मा फुल्यांनी हे फार लवकर ओळखलं होतं. १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मिळालंच पाहिजे, ही त्यांची मुख्य मागणी. पण त्या शिक्षणात काय असावं, हेही त्यांनी सांगितलं. मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास-भूगोल, आणि सोबत शेतीचं प्राथमिक ज्ञान. लक्षात घ्या, लिहिणं-वाचणं काढून टाका आणि शेती शिकवा, असं फुले म्हणत नव्हते. दोन्ही एकत्र द्या म्हणत होते. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे सगळी गोष्ट याच फरकावर फिरते.

वर्धा आणि मद्रास: एकाच कल्पनेची दोन रूपं

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७. वर्ध्याला शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. गांधीजींनी तिथे मांडलं की मुलांचं सगळं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती व्हावं. सूत कातता कातता गणित, कापसाच्या निमित्ताने भूगोल आणि इतिहास. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. यालाच नई तालीम म्हणतात.

तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. इथला झगडा वेगळाच होता. उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू, त्यामुळे मराठीतून शिकायला मिळणं हीच मोठी गोष्ट. अंबाजोगाईला १९१७ साली योगेश्वरी शाळा उभी राहिली ती या पार्श्वभूमीवर. स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, त्याआधी ते याच शाळेत मुख्याध्यापक होते. म्हणून आपल्याकडे भाषेच्या विषयाला जो मान आहे, तो उगाच नाही. मराठवाड्याने भाषेतून शिकण्याचा हक्क मिळवलेला आहे. "भाषा कशाला सोडतो?" असं एखादे आजोबा विचारतात, तेव्हा त्यामागे हा इतिहास असतो. अर्थात या विषयासाठी मराठी सोडावी लागत नाही, हेही त्यांना सांगा.

आता मद्रासला जाऊ. १९५३ साली तिथले मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. दिवसातला थोडा वेळ शाळा आणि उरलेल्या वेळात मुलाने घरी बापाचा धंदा शिकायचा. वरवर बघितलं तर हेही "काम करत शिका" असंच. पण लोक खवळले. त्यांनी या योजनेला नाव दिलं कुलकल्वी, म्हणजे कुळाच्या धंद्याचं शिक्षण. धोब्याच्या मुलाने धोबीच व्हायचं का, हा त्यांचा सवाल होता. राजाजींना पद सोडावं लागलं आणि १९५४ मध्ये कामराज सरकारने योजना गुंडाळली.

हाताच्या कामाच्या विषयाकडे लोक संशयाने का बघतात, याचं उत्तर इथे आहे. तुमचे वडील नको म्हणतात तेव्हा ते मागासलेले असतात म्हणून नाही. "आम्ही राबलो ते पुष्कळ झालं, तू खुर्चीवर बस," हे त्यामागचं म्हणणं असतं. ते खोडून काढण्याआधी समजून घ्यायला हवं.

कार्यानुभव नावाचा तास

१९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने देशाच्या शिक्षणाचा आराखडा केला. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. आयोगाने शाळेत कार्यानुभव असावा अशी शिफारस केली. पुढे १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असं लांबलचक नाव दिलं.

कागदावर हे उत्तम होतं. प्रत्यक्षात काय झालं, ते तुमच्या आई-वडिलांना विचारा. कार्यानुभवाच्या तासाला खडू करायचे, कागदी फुलं करायची, वहीत चित्रं चिकटवायची. नाहीतर तो तास गणिताचे सर घेऊन टाकायचे. कारण साधं होतं. कार्यानुभवाला श्रेणी मिळायची, पण दहावीच्या टक्क्यांत ती मोजली जायची नाही. जे मोजलं जात नाही त्याला शाळेत वेळ मिळत नाही, खोली मिळत नाही, सामान मिळत नाही.

दुसरी वाट होती टेक्निकल हायस्कूलची. जिल्ह्याच्या आणि मोठ्या गावांत सरकारी टेक्निकल शाळा होत्या. तिथे लेथ, वायरिंग, इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं जायचं आणि त्याचे मार्कही मिळायचे. पण मोठी यंत्रं, मोठी शेड, वेगळे शिक्षक हे सगळं लागणार. त्यामुळे ही सोय शहरापुरती राहिली. पाटोदा किंवा धारूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या मुलाला ती मिळणार कशी?

पाबळचा माणूस

इथे गोष्टीत येतात डॉ. श्रीनाथ कलबाग. मुंबईचे, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर. नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळ गावी विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळ निवडलं कारण ते दुष्काळी, साधारण गाव होतं. इथे जमलं तर कुठेही जमेल, असा हिशोब. आश्रम ज्या संस्थेचा भाग म्हणून सुरू झाला, ती भारतीय शिक्षण संस्था जे. पी. नाईकांनीच स्थापन केलेली. म्हणजे कोठारी आयोगात जे नीट रुजलं नाही, त्याला दुसरी संधी पाबळच्या माळावर मिळाली.

कलबागांचं म्हणणं सोपं होतं. लहान मूल चालायला, बोलायला करता करता शिकतं. मग शाळेत गेल्यावर ही पद्धत आपण का बंद करतो? त्यांनी आठवी ते दहावीसाठी एक विषय तयार केला, मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. पोरं त्याला आयबीटी म्हणायची. आठवड्यातला एक दिवस कामाचा आणि कामाचे चार विभाग.

पहिला, अभियांत्रिकी: वेल्डिंग, सुतारकाम, पत्र्याचं काम, विटांचं बांधकाम. दुसरा, ऊर्जा-पर्यावरण: घरातलं वायरिंग, जमिनीची मोजणी, पाऊस मोजणं, बायोगॅस. तिसरा, शेती-पशुपालन: माती परीक्षण, बीजप्रक्रिया, कोंबड्या, जनावरं. चौथा, गृह-आरोग्य: शिवण, खाद्यपदार्थ, रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासणी.

यातल्या तीन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, चारही विभाग सगळ्यांना. मुलींनी वेल्डिंग करायचं आणि मुलांनी चिक्की. कोणाच्या बापाचा धंदा काय, हा प्रश्नच नाही. मद्रासच्या योजनेच्या बरोबर उलटं. दोन, शिकवायला गावातलेच कसबी लोक. तीन, काम खरं. शाळेचं बाक मोडलं तर दुरुस्त करायचं, गावातल्या कोणाला गेट हवं तर करून द्यायचं, पैसे घ्यायचे. आणि आधी चित्र काढायचं, मापं लिहायची, सामानाचा आणि मजुरीचा खर्च काढायचा.

दुष्काळी भागाला कळीचं असं एक उदाहरण देतो. आपल्याकडे बोअर घ्यायची म्हटली की पाणाड्या येतो, हातावर नारळ ठेवतो, नारळ उभा राहिला की "इथं पाणी." पाबळच्या मुलांना विजेच्या रोधावरून भूजल शोधायला शिकवलं गेलं. चार लोखंडी सळ्या एका रेषेत जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीजप्रवाह सोडायचा, आतल्या दोघींमधला विद्युतदाब मोजायचा. त्यावरून रोध काढायचा. सळ्यांमधलं अंतर वाढवत नेलं की जास्त खोलीचा अंदाज येतो. कोरडा घट्ट काळा खडक असेल तर रोध जास्त, भेगाळ ओला खडक असेल तर कमी. पाणी लागेलच अशी हमी नाही, पण अंदाजाला आधार मिळतो. विज्ञानाच्या पुस्तकातला ओहमचा नियम तो हाच. फरक एवढाच की इथे तो शेतात उभा राहून लावायचाय आणि त्यावर शेतकऱ्याचे पैसे लागलेत.

२००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आपल्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, याच पाबळला उभी केली. ३० जुलै २००३ रोजी कलबाग गेले. काम चालू राहिलं.

मार्कशीटवरची ओळ

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट कागदावर झाली होती. १९८७ साली महाराष्ट्रात आयबीटीला दहावीचा पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून मान्यता मिळाली. आता त्याचे मार्क टक्क्यांत धरले जाणार होते. कार्यानुभवाला जे जमलं नाही ते इथे जमलं, कारण शाळेला आता वेळापत्रकात त्याला जागा द्यावीच लागणार होती.

पुढे देशभर कौशल्यांची एक चौकट ठरली, डिसेंबर २०१३ मध्ये. त्यात बसवल्यावर आयबीटीच्या धर्तीचा विषय नववी-दहावीला मल्टी स्किल या नावाने आला. त्याच्या सोबतीला ऑटोमोबाइल, रिटेल, आरोग्यसेवा, कृषी असे विषय आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत काम करायला मिळावं असं म्हटलंय.

मार्कशीटची ताकद किती असते, त्याचं परदेशातलं उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये १९९० पासून डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हा राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा विषय झाला. लाकूड, धातू, कापड, इलेक्ट्रॉनिक्स, सगळं त्यात. नंतर मोठ्या वर्गांसाठी तो ऐच्छिक केला. २०१० मध्ये सरकारने शाळांची गुणवत्ता मोजायला मुख्य विषयांची एक यादी केली आणि त्यात हा विषय नव्हता. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या घसरत गेली. स्टीफन्सनच्या देशातही जे मोजलं नाही ते मागे पडलं.

बीडचा खरा प्रश्न

आता परत घरी येऊ. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयते बांधले जातात, आणि बैलगाडी नाहीतर ट्रकमधून संसार कारखान्यावर जातो. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. पोरं कधी सोबत जातात, कधी हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात.

अशा मुलाने मल्टी स्किल घ्यावं का? लेखी विषय तो गाइड वाचून, मोबाइलवर व्हिडिओ बघून कसाबसा उरकू शकतो. पण वेल्डिंग व्हिडिओ बघून येत नाही. प्रात्यक्षिकाला माणूस वर्कशॉपमध्ये उभा पाहिजे. म्हणून या विषयाचा निकाल बीडमध्ये फक्त शिक्षकावर ठरत नाही, हंगामावर पण ठरतो. ज्या शाळा जून ते ऑक्टोबरमध्ये जास्तीत जास्त प्रात्यक्षिकं करून घेतील आणि वसतिगृहातल्या मुलांना पुढे कामावर ठेवतील, तिथेच हा विषय या मुलांचा होईल. नाहीतर ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर.

दुसरा आक्षेप मोलाचा आहे. "ज्या पोराने उन्हात मोळ्या उचलल्यात त्याला आणखी हाताचं काम कशाला शिकवता?" उत्तर असं की कष्ट आणि तंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोळी उचलणाऱ्याला मोळीचा भाव ठरवता येत नाही. तंत्र शिकणारा मोजतो, चित्र काढतो, खर्च मांडतो, काम बिघडलं तर का बिघडलं ते शोधतो, आणि आपल्या कामाची किंमत स्वतः सांगतो. या विषयात ते शिकवत असतील, तर तो मुलाला उसाच्या फडाकडे ढकलत नाही, फडातून बाहेर यायला मदत करतो. आणि ते शिकवत नसतील, फक्त झाडलोट आणि खडू असेल, तर तुमचे वडील बरोबर आहेत. मग खुशाल भाषा घ्या.

फॉर्म भरण्याआधी

म्हणून "टेक्निकल चांगलं का वाईट" असा सवाल धरून बसू नका. आपल्या शाळेत जाऊन पाच गोष्टी विचारा.

एक, कामाचा वेळ वेळापत्रकात आहे का आणि तो खरंच होतो का? हे सरांपेक्षा दहावीच्या मुलांना विचारा.

दोन, शिकवणारा निदेशक सध्या आहे का? जागा रिकामी असेल तर वर्ष वाया जातं.

तीन, सामान वापरात आहे का? वेल्डिंग मशिनवर धूळ असेल तर समजून जा.

चार, मुली सगळे विभाग करतात का? मुलींना फक्त शिवण देत असतील तर विषयाचा अर्धा जीव गेलेला आहे.

पाच, कोणत्या विषयाच्या जागी हा घ्यायचा आणि पुढे त्याचा उपयोग काय? साधारणपणे तो एका भाषेच्या जागी येतो, पण नियम बदलत राहतात, म्हणून प्रवेशाच्या वेळीच मुख्याध्यापकांकडून पक्कं करून घ्या. तंत्र विषय घेऊन दहावी झालेल्यांसाठी पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या प्रवेशात काही जागा ठेवायची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे, तीही विचारा.

आणि ज्यांना डॉक्टर, कलेक्टर व्हायचंय त्यांनीही हा विषय ढ म्हणून टाकू नका. गावाला रस्ता मंजूर करणाऱ्या साहेबाला उतार मोजता आला तर गावाचं भलंच आहे.

फुल्यांनी १८८२ मध्ये वही आणि शेत एकत्र मागितलं. त्यातला थोडासा भाग शंभरेक वर्षांनी मार्कशीटच्या एका ओळीत आला. त्या ओळीसमोर जे मार्क येतील, त्यांच्यामागे खरं काम आहे की नाही, हे मात्र प्रत्येक शाळेत नव्याने ठरतं. तुमच्या शाळेत काय चाललंय ते आम्हाला जरूर कळवा, चांगलं असेल तरी आणि नसेल तरी. भेटू पुढच्या भागात.